अपडेट केलं की तासमोजणी पॅकेज अर्धवट लटकते: प्रीआरएम, पोस्टआरएम, पोस्टइन्स्ट दुरुस्त करण्याची आमची कहाणी

नागपुरात मानेवाडा रोडकडे एका अभ्यासिकेत जुने अठरा कॉम्प्युटर आहेत, सगळ्यांवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), आणि त्यावर आमचंच एक छोटं पॅकेज चालते, नाव 'तासमोजणी'. पोट्टे एमपीएससी, पोलीस भरतीचा अभ्यास करतात, कोण किती तास बसला ते ही सर्व्हिस मागे बसून मोजते आणि महिन्याच्या शेवटी अभ्यासिकेचे काका त्यावरून फी लावतात. प्रोग्राम स्वतः एकदम साधा आहे, त्यात कधी काही बिघडलं नाही. बिघडते ते पॅकेज. दर अपडेटला पाच-सहा मशीन लटकतातच, आणि आपण म्हणतो झालं आता दुरुस्त, पुढच्या अपडेटला वेगळ्याच मशीन लटकतात. काका फोनवर म्हणतात, "अरे बाप्पा, पुन्हा तेच? काल तर म्हनला होता झालं म्हनून." त्यांना काय सांगू आता की डीपीकेजीचा (डेबियनमध्ये पॅकेज बसवणारं-काढणारं टूल) स्टेट हाफ-कॉन्फिगर्ड, म्हणजे अर्धवट, झाला.

हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतो, कारण नेटवर याचं उत्तर म्हणून जे सापडते ते नव्वद टक्के वेळा "इन्फो फोल्डरमधली स्क्रिप्ट उडवा" एवढंच असते, आणि त्यानं एरर जाते पण रोग तिथेच राहतो. (कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहून राहिलो, टाईप करताना आपापल्या इंग्रजीत टाका.)

आधी थोडक्यात ओळख. डेब, म्हणजे डेबियनच्या पॅकेजमध्ये चार स्क्रिप्ट असू शकतात. प्रीइन्स्ट फाईल उलगडायच्या आधी चालते, पोस्टइन्स्ट नंतर, प्रीआरएम काढायच्या आधी, पोस्टआरएम काढल्यावर. पॅकेज बसलं की या स्क्रिप्ट /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो मध्ये पॅकेजच्या नावानं पडून राहतात, प्रीइन्स्टसुद्धा. आता इथे आमची पहिली गैरसमजूत होती: आम्हाला वाटे की इन्स्टॉलच्या स्क्रिप्ट इन्स्टॉलला चालतात आणि रिमूव्हलच्या रिमूव्हलला. नावावरून दुसरं काय वाटणार. पण अपडेटलासुद्धा चारही प्रकार चालतात, आणि त्यातल्या दोन जुन्या पॅकेजच्या असतात. क्रम असा आहे: आधी जुन्याची प्रीआरएम, तिला 'अपग्रेड' असं आर्ग्युमेंट (चालवताना सोबत दिलेला शब्द) देऊन. मग नव्याची प्रीइन्स्ट. मग फाईल उलगडतात. मग जुन्याची पोस्टआरएम, तिलाही 'अपग्रेड' म्हणून. सगळ्यात शेवटी नव्याची पोस्टइन्स्ट, 'कॉन्फिगर' म्हणून. हा क्रम कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा, आमच्या सगळ्या भानगडी याच्यातूनच निघाल्या.

पहिल्या व्हर्जनची पोस्टआरएम मी स्वतः लिहिली होती, त्यामुळे शिव्या मलाच. कूलरसमोर बसून दहा मिनिटात लिहिली, पॅकेज काढलं की युजर उडव, /व्हार/लिब/तासमोजणी हे फोल्डर उडव, झालं. आर्ग्युमेंट काय आलं ते पाहायचंच नाही. मग १.१ आली, अपडेट केलं, आणि सगळ्या पोरांचे महिन्याचे तास शून्य. काकांनी जुन्या सवयीनं वहीत सही घेणं बंद केलं नव्हतं म्हणून वाचलो, नाहीतर त्या महिन्याची फी कोणी दिली नसती. कारण वर सांगितलंच, अपडेटला जुन्याची पोस्टआरएम चालते आणि तिनं प्रामाणिकपणे आपलं काम केलं.

बरं, मी १.२ मध्ये पोस्टआरएम सुधारली, केस टाकला (जसं आर्ग्युमेंट तशी वेगळी फांदी), 'पर्ज' (म्हणजे कॉन्फिग फाईलसकट पूर्ण काढणं) असेल तरच डेटा उडव, युजर मात्र 'रिमूव्ह'लाही. खुशीत अपडेट मारलं. पुन्हा सगळे तास शून्य! डोकंच सटकलं, सुधारलेली स्क्रिप्ट दहादा उघडून पाहिली, बरोबर होती. बरोबरच होती पण चालली ती कुठे, चालली ती १.१ ची, कारण १.१ वरून १.२ वर जाताना जुनी म्हणजे १.१. नव्या पॅकेजमधली सुधारलेली पोस्टआरएम पहिल्यांदा कामी येते ती त्याच्याही पुढच्या अपडेटला. म्हणून पोस्टआरएममध्ये डेटा उडवणारी चूक एकदा बाहेर गेली की नुसती स्क्रिप्ट सुधारून भागत नाही, जुनी चालायच्या आधी डेटा वाचवावा लागते. आणि ती जागा आहे नव्याची प्रीइन्स्ट, ती जुन्या पोस्टआरएमच्या आधी चालते. आम्ही शेवटी तेच केलं, नव्या प्रीइन्स्टमध्ये 'अपग्रेड' असेल आणि जुनी व्हर्जन १.२ पेक्षा खालची असेल (हे डीपीकेजी --कम्पेअर-व्हर्जन्स नं पाहायचं, हातानं आकडे तुलना करू नका, १.१० आणि १.९ मध्ये फसाल) तर फोल्डरची कॉपी /व्हार/बॅकअप्स मध्ये, आणि पोस्टइन्स्टमध्ये मूळ फोल्डर रिकामं दिसलं तर कॉपी परत.

आता ती पाच-सहा मशीन लटकायची भानगड. एरर अशी येते की प्री-रिमूव्हल स्क्रिप्ट सबप्रोसेस रिटर्न्ड एरर एक्झिट स्टेटस १ (एक्झिट स्टेटस म्हणजे स्क्रिप्टचा निकाल, ० म्हणजे ठीक, बाकी काहीही म्हणजे फसली). माझा भाचा यात मदत करते, त्याच्या लॅपटॉपवर एकदाही आली नाही. अभ्यासिकेत मात्र दरवेळी, आणि दरवेळी वेगळ्या मशीनवर. दोन दिवस आम्ही रॅमवर संशय घेतला, एकदा तर बर्डीवरून दोन एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणले, उगीच. शेवटी लक्षात आलं की जिथे सर्व्हिस चालू होती तिथे अपडेट गुपचूप होत होतं, आणि जिथे कोण्या पोट्ट्यानं तास मोजू नये म्हणून सर्व्हिस मारून ठेवली होती तिथेच लटकत होतं. पोट्टे हुशार आहेत, हे मान्य करावं लागेल.

प्रीआरएमची शेवटची ओळ अशी होती: चौकटी कंसात पीआयडी फाईल (चालू सर्व्हिसचा नंबर ठेवणारी) आहे का ते तपासायचं, मग &&, मग किल, म्हणजे सर्व्हिस बंद कर. वाचायला एकदम निरागस. फाईल असली तर किल होते, एक्झिट ०. फाईल नसली तर तपासणी खोटी ठरते, किल चालत नाही, आणि त्या ओळीचा निकाल लागते १. वर सेट -ई (कमांड फसली की स्क्रिप्ट तिथेच थांबव) आहे म्हणून स्क्रिप्ट मध्येच मरेल असं वाटते, तर तेही होत नाही, && च्या डाव्या बाजूला फेल झालं तर सेट -ई दुर्लक्ष करते. स्क्रिप्ट शांतपणे शेवटपर्यंत जाते, फक्त तिची शेवटची ओळच ती असल्यामुळे पूर्ण स्क्रिप्टचा निकाल १, आणि डीपीकेजीला तेवढंच दिसते. हीच ओळ मध्ये कुठे असती तर जन्मात कळलं नसतं. उपाय म्हणजे इफ-फाय लिहा, इफची अट खोटी निघाली आणि एल्स नसला तर निकाल ० च येते, आणि स्क्रिप्टच्या शेवटी एक्झिट ० ठेवा. भाच्यानं प्रत्येक ओळीपुढे || ट्रू (फसलं तरी ठीकच धर) चिकटवलं होतं, ते मी सगळं काढायला लावलं. || ट्रू वाईट नाही, पण ते तिथेच लावावं जिथे फेल होणं खरंच चालते, सगळीकडे लावलं तर सेट -ई कशाला ठेवलं मग.

ही ओळ सुधारली तरी एरर गेली नाही, आणि आता तुम्हाला कारण समजलंच असेल, प्रीआरएम पण जुनीच चालते. पण इथे डीपीकेजी जरा दयाळू आहे. जुनी प्रीआरएम फेल झाली तर ते लगेच हार मानत नाही, 'ट्रायिंग स्क्रिप्ट फ्रॉम द न्यू पॅकेज इन्स्टेड' असं म्हणते आणि नव्याची प्रीआरएम चालवून पाहते, 'फेल्ड-अपग्रेड' हे आर्ग्युमेंट आणि जुना व्हर्जन नंबर देऊन. ती ० देऊन परतली तर 'इट लुक्स लाईक दॅट वेंट ओके' म्हणून पुढे जाते. म्हणजे जुन्या चुकीची दुरुस्ती नव्या पॅकेजमधून करता येते, पोस्टआरएमसाठीसुद्धा हीच सोय आहे पण ती फक्त जुनी स्क्रिप्ट फेल झाली तर. आमची जुनी पोस्टआरएम फेल होतच नव्हती ना, ती यशस्वीपणे डेटा उडवत होती.

मग आमच्याकडे ही दया का लागू पडली नाही? कारण नव्या प्रीआरएममध्ये आम्ही केसमध्ये 'रिमूव्ह' आणि 'अपग्रेड' एवढेच लिहिले आणि खाली ताऱ्याच्या फांदीत (बाकी काहीही आलं तर) 'अनोळखी आर्ग्युमेंट' म्हणून एक्झिट १. डीपीकेजी मदतीला आलं आणि आम्ही दारातून हाकललं. त्यात 'फेल्ड-अपग्रेड' आणि 'डीकॉन्फिगर' घाला. पोस्टइन्स्टमध्येही तसंच, तिला फक्त 'कॉन्फिगर' येत नाही, रिमूव्ह फसलं तर 'अबॉर्ट-रिमूव्ह' येते, अपडेट फसलं तर 'अबॉर्ट-अपग्रेड' येते, 'अबॉर्ट-डीकॉन्फिगर' पण आहे. तिथे काही करायचं नसलं तरी नाव लिहून मोकळी फांदी ठेवा. नाहीतर काय होते, प्रीआरएम फसते, डीपीकेजी परत पूर्वस्थितीत जायला पोस्टइन्स्टला हाक मारते, पोस्टइन्स्ट म्हणते मी ओळखत नाही, आणि पॅकेज ना धड बसलेलं ना धड निघालेलं. डीपीकेजी -एल मध्ये दुसरं अक्षर कॅपिटल एफ दिसते ते हेच. कॅपिटल यू दिसलं तर फाईल उलगडल्या पण पोस्टइन्स्टपर्यंत गाडी गेलीच नाही. आणि 'आरसी' दिसलं तर पॅकेज काढलं आहे पण कॉन्फिग फाईल बाकी आहेत. हे 'आरसी' लक्षात ठेवा, त्याची गंमत पुढे येते.

आता युजरचा किस्सा. पोस्टइन्स्टमध्ये मी डोळे झाकून युजरअ‍ॅड लिहिलं होतं, युजर आहे का नाही बघायचं नाही. १.० ते १.२ कधी तक्रार आली नाही. १.३ ला एकदम सगळीकडे पोस्ट-इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट, एक्झिट स्टेटस ९. पोस्टइन्स्टला तर आम्ही हातही लावला नव्हता! झालं असं होतं की आधीची चुकीची पोस्टआरएम दर अपडेटला युजर उडवत होती, म्हणून दर अपडेटला युजरअ‍ॅडला मैदान मोकळं मिळत होतं. पोस्टआरएम सुधारली, युजर जागेवर राहिला, आणि युजरअ‍ॅड म्हणते हे नाव आधीच आहे, त्याचा कोड ९. दोन चुका एकमेकींना सांभाळून होत्या, एक काढली तर दुसरी उघडी पडली.

एक्झिट स्टेटसचा आकडा नीट वाचत जा, पुष्कळ काही सांगून जाते. १ म्हणजे काहीही असू शकते, पण ९ आला आणि स्क्रिप्टमध्ये युजरअ‍ॅड असेल तर बहुतेक हेच. १२७ म्हणजे कमांडच सापडली नाही.

भाच्यानं यावर शक्कल लढवली: पोस्टइन्स्टला 'कॉन्फिगर' सोबत दुसरं आर्ग्युमेंट येते, आधी कॉन्फिगर झालेली व्हर्जन, नव्यानं बसवत असाल तर ते रिकामं असते. म्हणून त्यानं लिहिलं, दुसरं रिकामं असेल तरच युजर बनव. तर्क बरोबर वाटते. चार मशीनवर चाललं पण. पाचवीवर आम्ही वैतागून पॅकेज रिमूव्ह करून परत टाकलं होतं, तिथे इन्स्टॉल बिनाएरर झालं आणि सर्व्हिस काही चालू होईना, सिस्टमडी (सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) म्हणे स्टेटस २१७, पुढे कॅपिटलमध्ये युजर. म्हणजे ज्या युजरच्या नावानं चालवायची तो युजरच नाही. आणि हीच 'आरसी'ची गंमत: रिमूव्ह केलं, पर्ज नाही केलं, तर डीपीकेजी शेवटची कॉन्फिगर झालेली व्हर्जन विसरत नाही. परत टाकताना दुसरं आर्ग्युमेंट रिकामं येतच नाही, जुनी व्हर्जन येते. इकडे पोस्टआरएमनं रिमूव्हला युजर उडवला, तिकडे पोस्टइन्स्टला वाटलं हे अपडेट आहे, युजर असेलच.

तर युजरसाठी आर्ग्युमेंट पाहायचंच नाही, सरळ गेटेंट पासडब्ल्यूडी नं विचारायचं की युजर आहे का, नसेल तर बनवायचा. कितीही वेळा चालवा, निकाल तोच. आणि युजर उडवायचा कशाला? डेबियनमधली बरीच पॅकेज सिस्टम युजर पर्जलासुद्धा ठेवून देतात, कारण तो यूआयडी (युजरचा नंबर) उद्या दुसऱ्या कोणाला मिळाला तर मागे राहिलेल्या फाईल त्याच्या होऊन बसतात. मला आता हेच पटते. उडवायचाच असेल तर पर्जला, आणि तिथेही एक खड्डा आहे: पर्जच्या वेळी तुमच्या डिपेंडन्सी मशीनवर असतीलच असं नाही, डेलयुजर (युजर उडवणारी कमांड) ज्या पॅकेजात येते तेच आधी निघालं असेल तर १२७ मिळेल. कमांड -व्ही नं आहे का ते आधी पहा.

स्क्रिप्ट कितीही वेळा चालली तरी निकाल तोच यायला पाहिजे, हे पुस्तकी वाटते ना, मलाही वाटे. मग मे महिन्यात दुपारी तीनला, पारा पंचेचाळीसच्या वर, सगळे कूलर फुल, अपडेट चालू आणि लाईट गेली. अभ्यासिकेत इन्व्हर्टर फक्त पंखे आणि ट्यूबलाईटला. लाईट आली तेव्हा सगळ्यांवर एकच मेसेज, डीपीकेजी मध्येच थांबलं होतं, डीपीकेजी --कॉन्फिगर -ए हातानं चालवा. ही कमांड जी पोस्टइन्स्ट अर्धवट राहिली ती सुरुवातीपासून पुन्हा चालवते, जिथे थांबली तिथून नाही. त्यामुळे 'फोल्डर बनव' ला एमकेडीआयआर -पी (फोल्डर आधीच असलं तरी फसत नाही), 'ओळ जोड' च्या आधी ती ओळ आहे का ते ग्रेपनं (मजकूर शोधणारी कमांड) तपास, वगैरे. ग्रेपला काही सापडलं नाही तर तोही १ देते हं, सेट -ई खाली उघडा ठेवला तर तिथेच स्क्रिप्ट मरते, इफमध्ये ठेवा.

तुमच्याकडे असं काही लटकलं असेल तर मी आता या क्रमानं जातो. सगळ्यात आधी /व्हार/लॉग/एपीटी/टर्म.लॉग, त्यात स्क्रिप्टनं स्क्रीनवर काय काय बडबड केली ती पूर्ण असते, स्क्रोल होऊन गेलं म्हणून रडायची गरज नाही. मग डीपीकेजी --ऑडिट, कोण कोण अर्धवट आहे ते सांगते. मग डीपीकेजीला -डी२ देऊन तीच गोष्ट पुन्हा करायची, कोणती स्क्रिप्ट चालली, कशी परतली ते दिसते. सापडली की तिच्या पहिल्या ओळीखालच्या सेट -ई ला सेट -ईएक्स करायचं, तात्पुरतं, आणि परत चालवायचं, प्रत्येक ओळ छापून येते, जिथे थांबली तीच. हातानं स्क्रिप्ट चालवायची असेल तर आर्ग्युमेंट देऊनच चालवा, नुसती चालवून "मला तर एरर नाही आली" म्हणणारे पुष्कळ पाहिले, मी पण त्यातलाच.

एरर 'नो सच फाईल ऑर डिरेक्टरी' अशी असेल आणि फाईल तर डोळ्यांसमोर असेल, तर कोणीतरी ती विंडोजवर एडिट केली आहे, पहिल्या ओळीच्या शेवटी न दिसणारं सीआर अक्षर चिकटलं आहे आणि सिस्टम त्या नावाचा शेल (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) शोधून राहिली. 'एक्झेक फॉरमॅट एरर' असेल तर पहिली ओळच नाही. आणि पहिल्या ओळीत बिन-एसएच लिहून आत बॅशचे दुहेरी चौकटी कंस, सोर्स वगैरे वापरत असाल तर डेबियनवर एसएच म्हणजे डॅश (बॅशहून छोटा शेल, त्याला हे कळत नाही), २०११ च्या स्क्वीझ व्हर्जनपासून, उबुंटूवर तर २००६ पासूनच. दुहेरी कंस इफमध्ये असला तर आणखी वाईट, डॅशला ती कमांड सापडत नाही, इफ खोटा धरला जाते आणि स्क्रिप्ट गुमान पुढे. चेकबॅशिझम्स नावाचं टूल आहे, डेव्हस्क्रिप्ट्स पॅकेजात, ते चालवा.

काम अगदीच अडलं असेल, मशीन आत्ता पाहिजे असेल, तर इन्फो फोल्डरमधल्या त्या एका स्क्रिप्टमध्ये सेट -ई च्या खाली एक्झिट ० लिहून पॅकेज काढता येते. मी पण केलं आहे, अठरापैकी तीनवर. पण मग ती स्क्रिप्ट जे करणार होती, सर्व्हिस थांबवणं वगैरे, ते तुम्ही हातानं करायचं, आणि पूर्ण इन्फो फोल्डर उडवायचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा, त्यात मशीनवरच्या सगळ्या पॅकेजचा हिशोब असते.

आरपीएमवाले (फेडोरा, रेडहॅटकडचं पॅकेज) विचारतील म्हणून: तिथे शब्द नाही, आकडे येतात. प्रीअन आणि पोस्टअनला (तिथल्या काढायच्या आधीच्या-नंतरच्या स्क्रिप्ट) ० आला तर खरंच काढून राहिले, १ आला तर अपडेट आहे. आणि क्रम उलटा, नव्याची पोस्ट आधी चालते आणि जुन्याची प्रीअन, पोस्टअन नंतर. म्हणजे प्रीअनमध्ये ० न तपासता सर्व्हिस बंद केली तर नव्यानं आत्ताच चालू केलेली सर्व्हिस जुना जाता जाता बंद करून जाते. डेबवरून आरपीएमवर स्क्रिप्ट जशीच्या तशी उचलू नका.

खरं तर हातानं एवढं लिहायची गरजच नव्हती, डेबहेल्पर (डेब बनवायला मदत करणारं टूल) वापरलं असतं तर सर्व्हिस थांबवणं-चालू करणं त्यानंच लिहिलं असतं. १.४ पासून आम्ही त्यावर गेलो. फक्त आपल्या स्क्रिप्टमध्ये #डेबहेल्पर# ही ओळ (तिच्या जागी ते आपला कोड घालते) एक्झिट ० च्या वर पाहिजे. भाच्यानं खाली लिहिली होती, सगळं बिनाएरर बसे आणि सर्व्हिस कधी चालूच होत नसे.

१.४ बाहेर पाठवायच्या आधी एका व्हर्च्युअल मशीनवर हे सगळं केलं: नवं टाकलं, त्यावरच परत टाकलं, १.१ टाकून १.४ वर नेलं, सर्व्हिस मारून तेच पुन्हा, रिमूव्ह करून परत टाकलं, पर्ज करून परत टाकलं, आणि पोस्टइन्स्ट चालू असताना मशीनच बंद केली, लाईट गेल्यासारखी. पाययूपार्ट्स नावाचं टूल यातलं बरंच आपोआप करते, आम्ही अजून त्यावर गेलो नाही. सतरा मशीन गुपचूप अपडेट झाल्या. अकरा नंबरवर अजून कॅपिटल एफ दिसून राहिला, पण तिथे पोस्टइन्स्टचा दोष नाही, टर्म.लॉगमध्ये सरळ लिहिलं आहे, डिस्कवर जागाच नाही. कोण्या पोट्ट्यानं त्यावर लेक्चरचे व्हिडिओ भरून ठेवले आहेत, काका म्हणाले परीक्षा होईपर्यंत राहू दे.